फलकावरचे घर आणि दारावरचा कागद

जाहिरातशास्त्राचे जाणकार सांगतात की, घर विकायचे असेल तर रस्त्याकडेच्या फलकासारखे स्वस्त व परिणामकारक साधन दुसरे नाही. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. फलक मात्र महिनोन् महिने एका जागी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत असतो. हे म्हणणे खोटे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत राहणाऱ्याला फलकाच्या सामर्थ्याचा पुरावा अन्यत्र शोधण्याची गरज नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे सामर्थ्य फलकाला प्राप्त झाले कोठून? त्याची किंमत कोण मोजतो? आणि ज्या फलकाच्या भरवशावर माणूस आपली वीस वर्षांची मिळकत गहाण टाकतो, त्या फलकावरील शब्दांना कोणी जबाबदार आहे की नाही?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर. कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोकलमधील प्रवाशाला दोन्ही बाजूंना घरांच्या फलकांची रांगच लागते. स्थानकाबाहेरच्या रिक्षातळावर फलक, पादचारी पुलाच्या जिन्यावर फलक, राज्य महामार्गावर लोखंडी सांगाड्यांवर ताणलेले फलक, विजेच्या खांबांना सुतळीने बांधलेले फलक. त्यांवर हिरवीगार टेकडी असते, निळाशार पोहण्याचा तलाव असतो, हसणारे चौकोनी कुटुंब असते. आणि मजकूर ठरलेला असतो: स्थानकापासून पाच मिनिटे, चोवीस तास पाणी, निसर्गाच्या कुशीत, मुद्रांक शुल्क मोफत, पाहण्यासाठी गाडीची सोय. खाली कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, ‘अटी लागू’.

परदेशातील पाटी आणि आपला फलक

अमेरिकेत घर विकायचे झाले म्हणजे मालक किंवा त्याचा दलाल घरापुढच्या अंगणात एक लहानशी पाटी रोवतो. पाटी आणि घर तेथे एकाच जागी असतात. वाटसरू पाटी वाचतो आणि मान वळवून घरही पाहतो. छप्पर गळके आहे की धड, शेजार कसा आहे, रस्ता किती रुंद आहे, हे त्याला तेथल्या तेथे दिसते. पाटीने खोटे बोलायचे ठरवले तरी मागचे घर तिला फार खोटे बोलू देत नाही.

तरीही ती पाटी निरुपद्रवी नाही, हे तेथील लोकांनी अनुभवले आहे. न्यू जर्सी राज्यातील विलिंगबरो या गावात कृष्णवर्णीय कुटुंबे राहावयास येऊ लागली, तेव्हा गोऱ्या घरमालकांत घबराट पसरून ते भराभर घरे विकतील, या भीतीने गावाच्या कारभाऱ्यांनी १९७४ साली ‘विकणे आहे’ अशा पाट्यांवरच बंदी घातली. १९७७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. घर विक्रीस आहे ही खरी माहिती आहे आणि खरी माहिती नागरिकापासून दडवून ठेवण्याचा अधिकार गावाला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. निकालाच्या गुणदोषांची चर्चा येथे नको. पण त्यातील तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे: पाटीला संरक्षण मिळाले ते ती खरे सांगते म्हणून.

आपल्याकडे अंगणच नाही, मग अंगणातली पाटी कोठून असणार? आपला फलक उभा असतो कल्याण-डोंबिवलीत आणि घर असायचे असते बदलापूरच्या एखाद्या माळावर. कित्येकदा घर अद्याप जमिनीतून वरही आलेले नसते. फलक आणि वस्तू यांची अशी फारकत झाली की फलकाला आवर घालणारे काही उरत नाही. जे घर नाही त्याचे चित्र कितीही सुंदर काढता येते. जाहिरातवाले ज्याला फलकाची परिणामकारकता म्हणतात, तिचा अर्धा भाग या फारकतीतून निर्माण होतो.

सामर्थ्य कोठून आले?

उरलेला अर्धा भाग माणसाच्या गरजेतून निर्माण होतो, आणि ती गरज आकाशातून पडलेली नाही. ती धोरणाने घडवलेली आहे. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच दहा वर्षांत अंबरनाथ दोन लाखांवरून अडीच लाखांवर गेले, आणि जेमतेम तेरा चौरस किलोमीटरच्या उल्हासनगरात पाच लाखांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहू लागली. यांतील पुष्कळशी कुटुंबे परळ, लालबाग, भांडुप, घाटकोपरच्या चाळींतून, मुलगा लग्नाचा झाला, खोली पुरेना म्हणून इकडे आली. ती फलक वाचून आली हे खरे. पण फलकाने त्यांना हलवले नाही. मुंबईने त्यांना बाहेर काढले, फलकाने केवळ दिशा दाखवली.

मुंबईत जागाच नव्हती, असे मात्र कोणी सांगू नये. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने २०११ च्या जनगणनेच्या आधारे नमूद केले होते की, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी पडून आहेत. माणसे घराविना आणि घरे माणसांविना, अशी ही व्यवस्था. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातील अतिरिक्त जमीन ताब्यात घेऊन सामान्यांसाठी घरे बांधण्याची एक वाट ठेवली होती. ती वाट पळवाटांनी पोखरलेली होती, हे कबूल; पण २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. पळवाटा बुजवण्याऐवजी वाटच बंद करण्यात आली.

गिरणी कामगारांचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मुंबईच्या मध्यभागी मनोरे आणि मॉल उभे राहिले. कामगारांना घर मात्र कोठे? मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू आणि वांगणीकडे, म्हणजे बदलापूरच्याही पलीकडे, बोट दाखवले. ज्यांनी मुंबई उभी केली त्यांना मुंबईत घर हवे, अशी मागणी घेऊन कामगार आणि त्यांचे वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमले, ते उगाच नव्हे. जे काम बिल्डर फलक लावून करतो तेच येथे शासनाने निर्णय काढून केले. ‘मुंबईत तुझे काम नाही, पुढच्या गाडीत बस’, एवढाच दोहोंचा मथितार्थ आहे.

तेव्हा फलकाच्या यशाचे श्रेय रंगसंगतीला, अक्षरांच्या आकाराला किंवा मोक्याच्या जागेला देणारे पंडित मूळ कारण चुकवतात. तहानलेल्या माणसापुढे पाण्याचे चित्र धरले तर तो थांबणारच. त्यात चित्रकाराचे कसब किती आणि तहानेचा भाग किती, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

फलक काय सांगत नाही

आता फलकावरील एकेक शब्द पारखून पाहू. ‘स्थानकापासून पाच मिनिटे.’ कोणत्या वाहनाने, कोणत्या वेळी, कोणत्या ऋतूत? हे सांगितलेले नसते. पाच मिनिटांच्या त्या अंतराला भागीदारीची रिक्षा लागते, तिची रांग असते आणि मग गाडी. जलद लोकल मिळाली तरी बदलापूरहून बोरीबंदरला पोहोचायला दीड तासाच्या आसपास लागतो, आणि सकाळच्या त्या गाडीत आत शिरता येणे हाच एक पराक्रम असतो. दारात लटकून जाणारा जो तरुण रुळांवर पडतो, त्याच्या मृत्यूची नोंद रेल्वेच्या दप्तरी होते; ‘पाच मिनिटे’ लिहिणाऱ्याच्या दप्तरी होत नाही. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान चिखलोली स्थानक होणार, हे तेथे फलाट दिसू लागण्याच्या कितीतरी आधीपासून फलकांवर झळकू लागले. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रोची योजना कागदावर असतानाच तिचे नाव घेऊन घरे विकली गेली. सार्वजनिक पैशाने उद्या कधीतरी होणाऱ्या कामाची किंमत खासगी विक्रेता आज वसूल करतो, आणि काम लांबले तर तो नामानिराळा राहतो.

‘चोवीस तास पाणी.’ अंबरनाथ आणि बदलापूर यांना पाणी देण्याची जबाबदारी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची. उल्हासनगरला तर स्वतःचा पाण्याचा स्रोतच नाही, त्याला औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी घ्यावे लागते. ते पाणी मुख्यतः बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे. बारवीची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातील आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांची गावे पाण्याखाली गेली, याचा उल्लेख कोणत्याही फलकावर असणार नाही. पण निदान एवढे तरी विचारले पाहिजे की, जो विक्रेता धरण बांधत नाही, जलवाहिनी टाकत नाही, शुद्धीकरण केंद्र चालवत नाही, तो चोवीस तासांच्या पाण्याचे वचन कोणाच्या जिवावर देतो? राहावयास गेलेल्या कुटुंबाला त्याचे उत्तर उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात उभ्या राहिलेल्या टँकरच्या रूपाने मिळते, आणि त्याचे पैसेही त्यालाच भरावे लागतात.

‘नदीकिनारी, निसर्गाच्या कुशीत.’ उल्हास नदी कशी आहे, हे बदलापूरकरांनी २६ जुलै २००५ रोजी पाहिले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून पडली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, हे अवघ्या देशाने पाहिले. पाटबंधारे खाते नद्यांच्या पूररेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. या रेषा नकाशावर असतात, कार्यालयात असतात. घर घेणाऱ्याने जो फलक वाचला त्यावर नसतात. फलकावरची नदी नेहमी निळी आणि शांत असते. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनीची तर गोष्टच सोडा. इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या त्या मंदिराचे चित्र फलकावर येते. शेजारून वाहणारे, कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडलेले पाणी येत नाही.

आणि परवानगी? येथे उल्हासनगरचा इतिहास आठवावा लागतो. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या माणसांनी कष्टाने शहर उभे केले. पण पुढे त्याच शहरात बराकींच्या जागी परवानगीवाचून मजल्यांवर मजले चढले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, साडेआठशेहून अधिक इमारतींवर हातोड्याची वेळ आली आणि २००६ साली राज्य सरकारला त्या नियमित करण्यासाठी खास कायदा करावा लागला. कायदा झाला, बांधकाम मात्र पक्के झाले नाही. १५ मे २०२१ रोजी कॅम्प एकमधील एका इमारतीचा स्लॅब कोसळून पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २८ मे रोजी, कॅम्प दोनमधील एका इमारतीत तसेच घडून सात जण गेले. इमारती जेमतेम पाव शतकाच्या होत्या. त्या घरांच्या विक्रीच्या वेळीही कोणीतरी पाटी लावली असेल. बारा माणसे गेली तेव्हा ती पाटी लावणाऱ्याचा पत्ता विचारण्याचे कोणाला सुचले काय?

कायदा आहे, पण...

आमचे प्रतिपक्षी म्हणतील, आता ते दिवस राहिले नाहीत, आता कायदा आहे. कायदा आहे, आणि तो चांगला आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, लोकांच्या बोलण्यातला रेरा, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणी केल्याखेरीज जाहिरात करता येत नाही. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा उल्लेख ठळकपणे असला पाहिजे. करारनामा करण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला. आणि या कायद्याचे बारावे कलम तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर विक्रेत्याने भरपाई दिली पाहिजे. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल तर त्याची सर्व रक्कम व्याजासह परत केली पाहिजे.

म्हणजे फलकावरील शब्द हा कायद्याच्या दृष्टीने केवळ शोभेचा शब्द राहिलेला नाही. तो वचन झाला आहे. मग अडचण कोठे आहे?

पहिली अडचण अशी की, पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठी नसलेली जमीन किंवा आठपेक्षा अधिक सदनिका नसलेली इमारत यांना नोंदणीतून सूट आहे. उल्हासनगरसारख्या, लहानलहान भूखंडांत विभागलेल्या शहरात ही सूट म्हणजे मोठे भगदाड आहे. जेथे देखरेखीची गरज सर्वांत अधिक, तेथेच कायद्याचा हात आखडतो.

दुसरी अडचण अशी की, क्रमांक असणे म्हणजे सत्य असणे नव्हे. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या परवानगीची बनावट कागदपत्रे सादर करून ६५ इमारतींसाठी प्राधिकरणाचे नोंदणी क्रमांक मिळवण्यात आले. लोकांनी क्रमांक पाहिला, बँकांनी कर्जे दिली, कुटुंबे राहावयास गेली; आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्याने कागद बनवले त्याचे घर पाडण्याचा आदेश नव्हता. ज्याने क्रमांकावर विश्वास ठेवला त्याचे घर पाडण्याचा होता. महापालिकेचे दप्तर आणि प्राधिकरणाचे दप्तर एकमेकांशी ताडून पाहिले असते तर हा अनर्थ पहिल्याच इमारतीला उघडकीस आला असता. दोन सरकारी कार्यालयांनी एकमेकांना न विचारल्याचा दंड तिसऱ्याने, म्हणजे ग्राहकाने, भरावा, हा कोणता न्याय?

तिसरी अडचण दंडाची. क्यूआर कोड न लावल्याबद्दल पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एकेक घर लाखांना विकणाऱ्याच्या हिशेबात ही रक्कम जाहिरातीच्या खर्चात सहज जिरून जाते. आणि फलक उभारण्याच्या नियमांचे आपल्याकडे काय होते, हे १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला दिसले. चाळीस फुटांपर्यंतच्या फलकाला परवानगी असताना तेथे १२० फूट लांब आणि १२० फूट उंच फलक उभा होता. तो वादळात कोसळला आणि सतरा माणसे चिरडून मेली. एवढा मोठा लोखंडी सांगाडा कोणाच्याही दृष्टीस पडला नाही असे ज्या यंत्रणेने म्हणावे, तिला फलकाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरे दिसतील, अशी अपेक्षा कशी करावी?

प्रतिपक्षाचा आणखी एक युक्तिवाद आहे. घर घेणारा सज्ञान असतो. त्याच्यावर कोणी जबरदस्ती करीत नाही. चौकशी करणे हे त्याचे काम आहे. ऐकायला हे फार बरे वाटते. पण साखळी पद्धतीने सात-बाराचे उतारे पाहणे, अकृषिक परवानगी तपासणे, मंजूर नकाशा वाचणे, पूररेषा शोधणे, भोगवटा प्रमाणपत्राचा अर्थ समजून घेणे, ही कामे आठवड्याला एक सुटी मिळणाऱ्या कारकुनाने किंवा यंत्रमागावरील कामगाराने करावीत आणि ज्याच्या पदरी वकील, वास्तुविशारद व हिशेबनीस आहेत त्याने केवळ हिरवी टेकडी रंगवावी, ही समानता नव्हे. एकाकडे सारी माहिती आणि दुसऱ्याकडे सारी जोखीम, अशा व्यवहाराला मुक्त व्यवहार म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

न्यायाने एवढेही म्हटले पाहिजे की, या तीन शहरांत प्रामाणिकपणे बांधलेली घरे नाहीत असे नाही. हजारो कुटुंबांना आयुष्यातील पहिले हक्काचे छप्पर येथेच मिळाले. मुलांना अभ्यासाला वेगळी खोली मिळाली, म्हाताऱ्या आई-बापांना गावाहून आणता आले. त्या समाधानाची थट्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. उलट, खरे सांगणारा विक्रेता खोटे सांगणाऱ्यापुढे मागे पडतो, कारण खऱ्या फलकावर पाच मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटे लिहावी लागतात. खोट्या फलकाला आळा घातला तर त्याचा पहिला लाभ प्रामाणिक बांधकाम व्यावसायिकालाच होईल.

दारावरचा कागद

फलकांच्या या कहाणीचा शेवटचा अंक स्थानकाबाहेर नव्हे, जिन्यात पाहावयास मिळतो. गृहकर्जाचे हप्ते चालू असतात, ताबा लांबलेला असतो, तोवर जुन्या खोलीचे भाडेही चुकत नाही. मधेच कारखाना बंद पडतो किंवा कंत्राट संपते. हप्ते थकतात. मग २००२ च्या कायद्यानुसार बँकेची साठ दिवसांची नोटीस येते आणि पुढे ताबा घेतल्याचा कागद दारावर चिकटवला जातो. त्यावर कर्जदाराचे नाव, घराचा क्रमांक, क्षेत्रफळ, थकलेली रक्कम, सारे काही बिनचूक असते. लाज वाटून कुटुंब संध्याकाळी दिवे न लावता बसते.

या कागदाकडे नीट पाहा. घर विकताना लावलेल्या फलकावर एकही गोष्ट नेमकी नव्हती. घर काढून घेताना लावलेल्या कागदावर एकही गोष्ट मोघम नाही. नेमकेपणा कसा आणावा हे आपल्या व्यवस्थेला ठाऊक नाही असे नव्हे. वसुलीच्या वेळी तिला तो साधतो, वचनाच्या वेळी साधत नाही. आमची सारी तक्रार या एका वाक्यात मावते.

आपण काय करावे?

म्हणून आमची मागणी फलक बंद करा अशी नाही. घर विक्रीस आहे, ही माहिती लोकांना मिळालीच पाहिजे. आमची मागणी अशी की, फलकाला जामीन राहावयास लावा.

बांधकामाच्या जागी परवानगीचा तपशील देणारा फलक लावण्याची अट नियमावलीत आजही आहे. तो असतो एवढासा आणि बहुधा पत्र्याच्या कुंपणाआड. उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी ठराव करून असे ठरवावे की, विक्रीचा फलक जेवढा मोठा त्याच्या निम्म्या आकारात तरी हा तपशील त्याच फलकावर, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत द्यावा: परवानगीचा क्रमांक व तारीख, मंजूर मजले, निळ्या व लाल पूररेषेपासूनचे स्थान, नळजोडणी मंजूर आहे किंवा नाही, स्थानकापासूनचे अंतर मिनिटांत नव्हे तर मीटरमध्ये, आणि ताब्याची तारीख. फलकाला जागेचा परवाना पालिकाच देते. तेव्हा ही अट घालण्यासाठी तिने दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. बांधकाम परवानग्यांची यादी प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर दरमहा लागावी. आणि लहान भूखंडांना मिळालेली नोंदणीची सूट काढून टाकावी, यासाठी विधिमंडळात आणि संसदेत आवाज उठला पाहिजे.

पण ठरावांची वाट पाहत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसावे असे नाही. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. आपल्या प्रभागातील प्रत्येक गृहप्रकल्पाच्या फलकाचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे, कारण फलक उतरवला जातो, वचन पुसले जाते आणि तीन वर्षांनी ग्राहकाच्या हाती पुरावा उरत नाही. क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि पालिकेच्या दप्तरात, दोन्हीकडे ताडून पाहावा. तफावत दिसली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. रविवारी सकाळी स्थानकाबाहेर, जेथे घर दाखवायला नेणाऱ्या गाड्या उभ्या असतात, तेथेच आपले एक टेबल मांडावे आणि घर पाहायला निघालेल्या कुटुंबाला चार प्रश्न लिहून द्यावेत. फसवणूक झालेल्यांना एकेकटे लढू न देता त्यांचे बाराव्या कलमाखालचे अर्ज एकत्र दाखल करावेत. हे काम सभेतल्या भाषणापेक्षा नीरस आहे, हे खरे; पण ज्याचे बुडणारे दोन लाख वाचतील तो माणूस समाजवाद म्हणजे काय, हे पुस्तकावाचून समजून घेईल.

आणि हे करीत असताना मूळ प्रश्न नजरेआड होता कामा नये. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या रूपाने अतिरिक्त जमिनीसाठी सरकारशी झगडून गोरेगावच्या दिंडोशीत सामान्य कुटुंबांसाठी हजारो घरे उभी केली. मुंबईतच, सामान्यांसाठी, नफ्याशिवाय घरे होऊ शकतात, हे त्या लढ्याने प्रत्यक्ष दाखवून दिले. ते पुन्हा घडू शकत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या घरांपुढे एकदा जाऊन उभे राहावे. जेथे घर हा हक्क असतो तेथे त्याची जाहिरात करावी लागत नाही. यादी लागते, आणि यादीतल्या माणसाला आपला क्रमांक ठाऊक असतो. बदलापूरच्या रस्त्यावरील फलकांची संख्या आपल्या शहरांची भरभराट मोजत नाही. निवाऱ्याचा हक्क आपण किती दूर लोटला आहे, ते अंतर मोजते. आज ते ६८ किलोमीटर आहे. शेलू आणि वांगणीकडे पाहता उद्या ते वाढणार, हे स्पष्ट आहे. ते आणखी वाढू द्यायचे की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे.